रोज काढता, तरी चित्र तिथंच का?

इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, ड्रॉइंगच्या सरांनी एक सल्ला दिलेलाच असतो: रोज एक चित्र काढ. सल्ला चांगला आहे, आणि तो मनापासून पाळणारे चित्रकार नागपुरात कमी नाहीत. तरी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची पंधरा वर्षांपूर्वीची आणि आजची स्केचबुकं शेजारीशेजारी ठेवली, तर तारीख बघितल्याशिवाय आधीची कुठली हे सांगता येत नाही. रेष सफाईदार झालेली असते, वेळ कमी लागत असतो. पण फुटाळा तलावाच्या काठावरचं झाड त्याच जागी, त्याच हिरव्यात, आणि पाण्यातलं प्रतिबिंब त्याच तीन फटकाऱ्यांत.

मेहनत कमी पडली असं म्हणायची सोय नाही, कारण मेहनत दिसतेच आहे. मग अडतं कुठं?

आपलं हस्ताक्षर बघा. पहिलीपासून आपण लिहितोय. वह्या, पेपर, अर्ज, याद्या, सह्या. सरावाचे तास मोजले तर कुठल्याही चित्रकाराला लाजवतील इतके. अक्षर सुधारलं का? चौथी-पाचवीपर्यंत सुधारलं, कारण तोवर बाई पाटीवर गिरवून घेत होत्या, "उकार खाली ओढ" म्हणत होत्या. पुढे वाचण्याइतपत झालं, आणि त्यावर कुणी बोलायचं थांबलं. तेव्हापासून आपण लिहितोय भरपूर, पण अक्षराकडे बघत नाही.

चित्राचंही हेच होतं. हात एकदा "बऱ्यापैकी" झाला की मेंदू ते काम हाताच्या हवाली करतो आणि स्वतः मोकळा होतो. शरीराची ही फार सोयीची व्यवस्था आहे, तिच्याशिवाय आपण चहासुद्धा करू शकलो नसतो. कलाकाराला मात्र ती नडते. सवय म्हणजे विचार न करता होणारी गोष्ट, आणि सुधारणा तर विचार केल्याशिवाय होत नाही. म्हणून "सतत सुधारण्याची सवय लावा" या वाक्यात एक पेच आहे. तो सोडवायचा तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कामाला बसणं ही सवय व्हायला हवी, अगदी दात घासण्याइतकी यांत्रिक. बसल्यावर हात जे करतो त्याची मात्र सवय होऊ द्यायची नाही. बहुतेकांचं नेमकं उलटं असतं. बसायला रोज मनाची तयारी करावी लागते, आणि एकदा बसलं की हात आपोआप चालतो.

आधी बसण्याचं

लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज जेवणाबरोबर फळ खाणं, चालायला जाणं अशी एकेक साधी गोष्ट प्रत्येकानं निवडली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं गेलं. मध्य आला ६६ दिवसांचा. पण माणसामाणसातला फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचे अंदाज निघाले. "२१ दिवसांत सवय" हे जे सगळीकडे ऐकू येतं त्याला इथं काही आधार मिळत नाही. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त उपयोगाचा वाटतो: मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडत नाही. एक दिवस बुडाला की "आता पुढच्या एक तारखेपासून" म्हणणारे आपण सगळे, आपल्यासाठी ही चांगली बातमी आहे.

नवी सवय जुन्या सवयीला बांधली तर टिकते. "रोज सकाळी चित्र काढीन" हा संकल्प फार ढिला आहे, कारण सकाळ लांबलचक असते आणि तिच्यात शंभर कामं घुसतात. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, पन्नाशीनंतर जलरंगाकडे वळलेल्या एक काकू माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांचा नियम असा की नळाचं पाणी भरून झालं की बसायचं. घड्याळ बघायचं काम नाही. नळ जातो, त्या ओले हात पुसतात आणि बोर्डासमोर बसतात. बोर्ड, कागद, दोन ब्रश, पाण्याचा डबा हे आदल्या रात्रीच मांडलेलं. सामान काढण्यात दहा मिनिटं गेली की अर्धी इच्छा तिथंच जिरते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

किती वेळ बसायचं? सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरतात. लाज वाटेल इतकं कमी ठेवावं, म्हणजे लग्नसराईतही ते मोडत नाही.

दहा हजार तासांचं काय?

हा आकडा इतका फिरलाय की त्याचा उगम सांगायला हवा. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या संगीत अकादमीच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटातल्या विद्यार्थ्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेला सराव सरासरी १०,००० तासांच्या आसपास भरत होता. पुढे २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे त्या सरासरीचा नियम झाला: दहा हजार तास घाला, उस्ताद व्हा. एरिक्सन यांनी स्वतः याला हरकत घेतली. तो आकडा सरासरीचा होता, त्याच्या खालीही बरेच जण होते, आणि मुख्य मुद्दा तासांचा नव्हताच. सराव कसा होता, हा मुद्दा होता. आपल्याला जे जमत नाही ते नेमकं हेरायचं, तेवढ्याचाच सराव करायचा, चुकलं की लगेच कळेल अशी सोय करायची, मग दुरुस्त करून पुन्हा. याला त्यांनी हेतुपूर्वक सराव म्हटलं.

सराव म्हणजेच सगळं, असंही नाही. २०१४ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. संगीतात माणसामाणसांतल्या फरकातला सुमारे २१ टक्के भाग अशा सरावानं समजावता आला. उरलेल्यात सुरू करण्याचं वय, उपजत देणगी, शिक्षक, परिस्थिती असं बरंच काही असणार. पण त्यातलं आपल्या हातात किती? सराव आहे, म्हणून बोलायचं सरावाबद्दल.

त्या व्हायोलिनवाल्यांची आणखी एक गोष्ट इथल्या लोकांना आवडेल. वरच्या गटातले विद्यार्थी सलग दिवसभर घासत नव्हते. सकाळी एकाग्रतेनं वाजवायचे, मध्ये विश्रांती घ्यायचे, आणि दुपारी इतरांपेक्षा जास्त झोपायचे. मे महिन्यातल्या नागपूरकराला दुपारी झोपल्याबद्दल कुणी बोललं तर हा दाखला द्यावा.

कमजोरी हेरणं

व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा १८८० साल होतं, तो सत्तावीस वर्षांचा होता, आणि त्याचं ड्रॉइंग कच्चं होतं. त्यानं शार्ल बार्ग यांच्या ड्रॉइंग कोर्सची पानं मागवून ती एकामागून एक नकलून काढली. दृश्याची खोली साधत नाही हे लक्षात आल्यावर १८८२ साली हेगमध्ये असताना त्यानं दोऱ्यांची एक चौकट करवून घेतली, समुद्रकिनाऱ्यावर जमिनीत रोवून तिच्यातून बघायचं आणि रेषा पडताळायच्या. "आपल्याला परस्पेक्टिव्ह जमत नाही" इथपासून "त्यासाठी चौकट लागेल" इथपर्यंत तो पोचला. आपल्यातले बहुतेक जण पहिल्या वाक्यावरच थांबतात, आणि पुढं सोयीचं वळण घेतात: परस्पेक्टिव्ह लागणारच नाही असे विषय निवडतात.

ही लपवाछपवी ओळखायची एक सोपी रीत आहे. मागच्या वर्षभरातली दहा-बारा चित्रं जमिनीवर मांडा आणि काय काढलंय ते बघू नका, काय टाळलंय ते शोधा. माणसांचे हात खिशात आहेत का, पाठीमागं बांधलेत का, पदराआड गेलेत का? सगळे चेहरे एकाच बाजूला वळलेत का? रस्ता चित्राच्या कडेपर्यंत येता येता झुडपात का शिरतो? सीताबर्डीच्या मेन रोडचं चित्र असून त्यात गर्दी का नाही? जे सातत्यानं गायब आहे ते बहुधा तुम्हाला येत नाही. पुढच्या दोन महिन्यांचा विषय तुम्हाला मिळाला.

विषय मिळाला की तो बारीक करायचा. "फिगर, म्हणजे माणसाची आकृती, सुधारायची" हा विषय नव्हे, तो आयुष्यभराचा प्रकल्प आहे. "बसलेल्या माणसाचं वजन खुर्चीवर पडलेलं दिसत नाही" हा विषय. हे कसं करतात ते बघायचं असेल तर श्रावणात चितारओळीत जावं. महालातली मूर्तिकारांची ही जुनी वस्ती तेव्हा रस्त्यापर्यंत भरलेली असते. आत तणस बांधणारी पोरं वेगळी, माती मळणारी वेगळी, हातबोटांची सफाई करणारी वेगळी. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, आणि ती बहुतेक घरातल्या जाणत्या माणसाची. एका मूर्तिकाराला मी एका पोराकडून आखणी करून घेताना पाहिलं. मूर्तीला हात लावायचा नाही, लाकडी पाटीवर नुसते डोळे काढायचे. त्यातही एकाच बाजूचे. कारण साधं होतं: उजव्या हातानं काढणाऱ्याला एका बाजूची पापणी मनगटाच्या ओघात येते, दुसऱ्या बाजूची उलट वळवावी लागते आणि तिथं रेष थरथरते. पोरगा जमणारा डोळा झोकात काढायचा आणि नडणाऱ्या डोळ्याला घाबरायचा. म्हणून पाटीवर सगळे नडणारेच डोळे. प्रत्येक चार-पाच डोळ्यांनंतर ब्रशचं टोक अंगठ्याच्या नखावर ओढून नीट करायचं. पाटी भरली की पुसायची.

पोरगा मध्येच आधी आखलेली एक मूर्ती दाखवून म्हणाला, काका, हे तर बरोबर आलं. काका उठलेसुद्धा नाहीत. "समोरून त सारंच बराबर दिसते. बाजूनं पाह्य."

सराव कसा बारीक करायचा आणि तपासणी कशी करायची, दोन्ही त्या पाटीवर होतं.

मे महिन्यातला वॉश

जलरंगवाल्यांसाठी एक उदाहरण सविस्तर देतो, कारण नागपूरच्या हवेनं ते आपल्याला फुकट दिलंय. व्हिडिओत शिकवणारे बहुतेक लोक थंड, दमट हवेत बसलेले असतात. "आता पाच मिनिटं थांबा, कागदाची चमक गेली की पुढचा रंग" असं ते सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि हवेत ओल नावाला नसते. पाच मिनिटांत कागद कोरडा ठक्क. आकाशाचा सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, घ्यायला जावं, बोर्ड थोडा तिरका, वरून ब्रश डावीकडून उजवीकडे नेला, रंगाची ओली कड खाली जमली, रंग उचलून परत डावीकडे येईपर्यंत ती कड वाळून बसलेली. आकाशात एकाखाली एक पट्टे. मग माणूस म्हणतो, माझा हात चांगला नाही. किंवा कागदाला दोष देतो आणि महागडा कागद आणतो.

इथं चित्र काढत बसू नये. कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करावेत. एक निळा, एक ब्रश, एकच काम: सपाट वॉश. पहिला तुकडा नेहमीसारखा. दुसऱ्यात फक्त एक गोष्ट बदलायची, समजा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या गुळगुळीत पाटीवर चिकटवला. तिसऱ्यात कागद कोरडाच, पण रंगात पाणी जास्त. चौथ्यात सगळं पहिल्यासारखं, वेळ मात्र सकाळी सहाची. पुढच्यात कूलरच्या खोलीत. कूलरमुळे खोलीत ओल येते आणि वॉश जरा जास्त वेळ जिवंत राहतो, पण थेट झोतासमोर बसलात तर एकच बाजू आधी वाळते, हे दोन तुकड्यांत कळतं. प्रत्येक तुकड्याच्या मागं पेन्सिलीनं तारीख, वेळ, पंखा की कूलर, पाणी किती, एवढं लिहायचं. बस.

ऑगस्टमध्ये हेच पुन्हा करायचं, कारण तेव्हा तक्रार उलटी असते. वॉश वाळतच नाही, घाईनं दुसरा हात मारला की पाणी मागं पसरून कडेला नक्षीदार डाग पडतो. चित्रकार त्याला कॉलिफ्लॉवरच म्हणतात. हा डाग कधी पडतो हे ज्याला माहीत आहे तो पावसाळी ढग त्यानंच काढतो.

या तुकड्यांत खास काय? एका वेळी एकच गोष्ट बदलली, निकाल डोळ्यासमोर मिनिटात आला, आणि तो नोंदला गेला. पूर्ण चित्रात पन्नास गोष्टी एकदम बदलतात, त्यामुळे बिघडलं तर कशानं बिघडलं आणि साधलं तर कशानं साधलं, दोन्ही कळत नाही. साधलेल्या चित्राचं कारण न कळणं हे जास्त वाईट, कारण माणूस मग ते पुन्हा येण्याची वाट बघत राहतो.

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. कारखान्याच्या भिंतीवर कायझेनचे तक्ते लागलेले असतात: छोटा बदल करा, मोजा, टिकवा, पुन्हा. जपानी कारखान्यांतून, विशेषतः टोयोटातून जगभर गेलेली ही पद्धत. ती कलेला सरसकट लावायला मी तयार नाही. कारखान्यात नट-बोल्ट कसा हवा ते आधी ठरलेलं असतं आणि चूक म्हणजे त्यापासूनचं अंतर. चित्रात "चांगलं" कशाला म्हणायचं हेच दर चार-पाच वर्षांनी बदलतं, बदलायलाही हवं. पण वॉश, रेष, प्रमाण, टोन (उजळ-गडदपणा) ही चित्राची कारागिरी आहे, आणि कारागिरीपुरता कायझेन चालतो.

सरमिसळ

आता एक विचित्र गोष्ट. २००८ साली नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना १२ चित्रकारांची प्रत्येकी सहा निसर्गचित्रं दाखवली. काही चित्रकारांची सहाच्या सहा ओळीनं, काहींची इतरांत मिसळून. नंतर त्याच चित्रकारांची न पाहिलेली चित्रं दाखवून विचारलं, हे कुणाचं? मिसळून पाहिलेले चित्रकार लोकांना जास्त चांगले ओळखता आले. गंमत पुढे आहे. त्यांनाच विचारलं की कुठल्या पद्धतीनं जास्त शिकलात, तर बहुतेकांना वाटत होतं ओळीनं पाहून. स्वतःचा निकाल विरुद्ध असूनही.

ओळीनं बघताना सगळं सोपं वाटतं, आणि सोपं वाटणं म्हणजे शिकणं असा आपला समज होतो. मिसळल्यावर दरवेळी नव्यानं तुलना करावी लागते, डोकं दुखतं, आणि तिथं फरक डोळ्यात भरतो. हा प्रयोग ओळखण्याचा होता, काढण्याचा नव्हता, पण हाताच्या कौशल्यांवरच्या प्रयोगांतही असाच कल दिसला आहे. म्हणून नवी गोष्ट शिकताना दोन-चार दिवस तीच ती करावी, हात जरा बसला की मग मिसळावी. एका बैठकीत वीस नाकं काढण्यापेक्षा नाक, मूठ, शर्टाची घडी, पुन्हा नाक. दुसरं नाक काढताना पहिलं विसरलेलं असतं, ते आठवावं लागतं, आणि त्या आठवण्यात काम होतं.

मेट्रो यासाठी झकास आहे. सीताबर्डीहून खापरीकडे किंवा लोकमान्यनगरकडे जाताना दोन स्थानकांमध्ये साधारण दीड-दोन मिनिटं मिळतात. घड्याळ लावायला नको, दार उघडलं की पान उलटायचं. समोरचा माणूस उतरतो, दुसरा येतो, तो तिसऱ्याच तऱ्हेनं बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत एवढीही उसंत मिळत नाही, तिथं माणसाचा तोलच तेवढा पकडता येतो. पण वर्षातून एकदा तोही मार खावा.

बघणारा दुसरा डोळा

स्वतःच्या चित्राची आपल्याला सवय होते आणि चुका दिसेनाशा होतात. लिओनार्दो दा व्हिंचीनं आपल्या टिपणांत यावर दोन उपाय लिहून ठेवलेत: काम करताना सपाट आरसा जवळ ठेवून चित्र त्यात उलटं बघावं, आणि मधूनमधून उठून जावं, परत आल्यावर निर्णय पक्का होतो. आज फोनचा कॅमेरा आरशाचं काम करतो आणि वर आणखी एक सोय देतो. फोटो काढून तो काळापांढरा करा. रंग निघून गेले की टोनची खरी अवस्था उघडी पडते. संत्र्याच्या बागेचं रंगीत चित्र देखणं दिसतं, काळ्यापांढऱ्यात संत्री आणि पानं एकाच राखाडीत बुडालेली असतात. केशरी आणि हिरवा डोळ्याला इतके वेगळे वाटतात की त्यांचा उजळपणा सारखाच आहे हे लक्षातच येत नाही.

दुसरा डोळा माणसाचा. व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या चित्राला अंगठे, फुलं आणि "अप्रतिम" मिळतं. ते प्रेम आहे, ते घ्यावं. त्यातून शिकायला काही मिळत नाही एवढंच. "कसं वाटलं?" असा प्रश्न विचारला की समोरच्याची पंचाईत होते, कारण खरं सांगितलं तर नातं बिघडेल. त्यापेक्षा विचारावं, "तुमची नजर पहिल्यांदा कुठं गेली?" याचं उत्तर द्यायला चित्रकलेचं ज्ञान लागत नाही आणि खोटं बोलायचं कारण उरत नाही. तुम्हाला नजर घाटावरच्या बाईवर न्यायची होती आणि पाच जणांपैकी चौघं म्हणाले वरच्या कोपऱ्यातला वीजेचा खांब, तर पुढचं काम ठरलं. प्रदर्शन लावलं असेल तर आणखी सोपं. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या दालनात कुणाचंही प्रदर्शन असो, दाराशी फुलं घेऊन उभं राहण्याऐवजी अर्धा तास भिंतीला टेकून लोक कुठं थांबतात आणि कुठून चालत जातात ते बघावं.

पुढं सरकत नाही तेव्हा

सुरुवातीची दोन वर्षं प्रगती दिसते, मग ती थांबते. हे सगळ्यांचं होतं. थांबण्याची कारणं दोन असू शकतात आणि त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. एक म्हणजे हात यांत्रिक झालाय, त्यावरचं औषध वर सांगितलंच. दुसरं अवघड: कारागिरी पुरेशी झालीय आणि आता तिनं काय सांगायचं हे कळत नाहीये. अशा वेळी आणखी शंभर वॉश घेऊन उपयोग नाही.

सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, १९५० साली फ्रान्सला. जलरंगातली शहरं आणि निसर्गचित्रं, मग तैलरंगातली गावं आणि चर्चची शिखरं, मग आकार विरघळून गेलेली रंगाची उधळण, असं करत करत ज्या बिंदूमुळे, म्हणजे मोठ्या गोल ठिपक्यामुळे, आज त्यांचं नाव घरोघरी आहे तो त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आला १९८० च्या सुमारास, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. त्याआधीच ते नावाजलेले चित्रकार होते. विकली जाणारी शैली हातात असताना ती सोडायला जे लागतं ते पंधरा मिनिटांच्या सरावातून येत नाही. पण सरावानं हात इतका भरवशाचा झालेला असतो की माणूस शैली सोडायची हिंमत करू शकतो, असं मला वाटतं.

उलट टोकाला वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४ सालचा, नागपूरचाच. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे, पाच-सहा. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे, कागदानं टिपून काढायचे, आणि बाकीचा वेळ विचारात. "रोज एक चित्र" या मापानं मोजलं तर गायतोंडे नापास. म्हणून किती चित्रं झाली हे मोजमाप मला कधी पटलं नाही. नवशिक्यानं मात्र गायतोंड्यांचा दाखला देऊन हात आखडू नये. त्या संथपणाच्या आधी जेजेतलं शिक्षण आणि कित्येक वर्षांचं काम होतं.

ऑर्डरी आणि सराव

हे सगळं वाचून पोटापाण्यासाठी चित्रं करणारा म्हणेल, भाऊ, मला वेळ कुठं? गणपती-नवरात्रात रंगकाम, लग्नाच्या हंगामात पोर्ट्रेटच्या ऑर्डरी, शाळांच्या भिंती. बरोबर आहे. अशा वेळी ऑर्डरीतच सरावाची जागा करावी लागते. गिऱ्हाईकाला हवा तो चेहरा, हवं ते साम्य देऊन टाका, त्यात प्रयोग नको, त्यानं पैसे दिलेत. पण साडीची घडी, मागची भिंत, खुर्चीचा हात याकडे गिऱ्हाईक बघत नाही. ते तुमचं. या महिन्यातल्या सगळ्या पोर्ट्रेटमध्ये पार्श्वभूमीच्या कडा विरघळवून बघायच्या, असं आधीच ठरवून टाकलं की चार ऑर्डरीत चार तुकडे झाले आणि वेळ वेगळा काढावा लागला नाही.

नोंदवही ठेवायची की नाही यावर वाद होतात. सुंदर कव्हरची डायरी आणून तिच्यात भावना लिहायला बसलात तर ती पंधरवड्यात बंद पडते. चित्राच्या मागं दोन ओळी पुरेशा: काय करून बघितलं, काय झालं. "आज मजा आली" लिहू नका, ते पुढच्या वर्षी कुणाच्या कामाचं नाही. "सावलीत निळा घातला, चेहरा मेला, पुढं जांभळट बघावा" हे कामाचं.

बिघडलेले कागद फाडून फेकायचा मोह होतो. फेकू नयेत, एका पेटीत टाकावेत. दिवाळीच्या सफाईत पेटी निघतेच. तेव्हा त्यातले दहा-बारा जमिनीवर मांडून काय टाळलंय ते शोधायचं, त्यातून पुढच्या दोन महिन्यांचा एक विषय काढायचा, जुन्या विषयातलं काय अजून नडतंय ते बाजूला ठेवायचं. उरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजू कापून मे महिन्यातल्या वॉशसाठी ठेवून द्या. जलरंगाचा चांगला कागद हल्ली परवडत नाही.